मुलांचे व्हिडिओ कॉल: मीट, झूम आणि व्हॉट्सअॅप यांचे ऐरोलीतून केलेले परीक्षण

पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईला मुसळधार पावसाचा रेड अलर्ट मिळाला की शाळांना सुट्टी जाहीर होते आणि काही शाळा त्या दिवसाचे तास व्हिडिओ कॉलवर घेतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचे वर्ग, अबॅकस, संस्कृतच्या शिकवण्या, गावाकडच्या आजी-आबांशी रविवारी होणारे बोलणे आणि मैत्रिणींनी मिळून केलेला प्रकल्पाचा अभ्यास हे सारे तर बाराही महिने याच मार्गाने चालते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुले पहिल्यांदा मोठ्या संख्येने या सेवांवर आली. त्या काळात बहुतेक आईवडील घरातच असल्यामुळे मूल कोणाशी बोलते आहे हे जाता-येता कानावर पडत असे. आज आईवडील कार्यालयात किंवा लोकलमध्ये असतात आणि संध्याकाळच्या शिकवणीचा कॉल पाचवी-सहावीतले मूल एकटेच लावते. त्यामुळे या सेवांची पारख त्या वर्षी झाली त्यापेक्षा आज अधिक काटेकोरपणे व्हायला हवी, असे मला वाटते.

मी नवी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि ऐरोलीत राहते. माझा मुलगा पाचवीत आणि मुलगी नववीत आहे. त्यामुळे गूगल मीट, झूम आणि व्हॉट्सअॅप या तिन्ही सेवा मी वर्ग घेणारी म्हणूनही वापरल्या आहेत आणि घरात बसून मुलांकडे लक्ष ठेवणारी म्हणूनही. हे परीक्षण चित्र किती स्वच्छ दिसते किंवा आवाज किती तुटतो यासंबंधीचे नाही, कारण त्या बाबतीत तिन्ही सेवा चालण्याजोग्या आहेत आणि उरलेला फरक घरातल्या वायफायवर अवलंबून असतो. मी एकाच निकषावर भर दिला आहे: कॉलमध्ये कोण येऊ शकते, आलेल्याची ओळख पटते का, आणि नको असलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार जबाबदार मोठ्या माणसाच्या हाती राहतो का.

पालकसभांमध्ये सुरक्षिततेचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा एन्क्रिप्शनचा असतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमुळे कॉलमधले बोलणे वाटेत तिसऱ्याला ऐकता येत नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहेच, आणि झूमने याबाबत केलेले दावे दिशाभूल करणारे असल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर 2020 मध्ये त्या कंपनीशी तडजोडीचा करार केला होता. परंतु दहा वर्षांच्या मुलाला होणारा उपद्रव वाटेत बोलणे चोरून ऐकणाऱ्याकडून क्वचितच होतो. तो होतो कॉलच्या आत बसलेल्या माणसाकडून, आणि आत बसलेल्या माणसापुढे कोणतेही एन्क्रिप्शन उपयोगाचे नसते. म्हणून मुलासाठी सेवा निवडताना प्रवेशाची व्यवस्था आधी पाहावी आणि एन्क्रिप्शन त्यानंतर, हे माझे मत मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

शाळेच्या वर्गासाठी माझी पहिली पसंती गूगल मीटला आहे, मात्र शाळेने दिलेल्या खात्यावरून वापरलेल्या मीटला. ज्या शाळा गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन वापरतात तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेच्या नावाचे खाते मिळते आणि गूगलच्या खात्यात प्रवेश न केलेल्या निनावी व्यक्तीला अशा मीटिंगमध्ये येऊ न देण्याची व्यवस्था 2020 च्या जुलैपासून आहे. गूगल क्लासरूम या वर्गाच्या अॅपमधून तयार झालेली लिंक असेल तर शिक्षक येण्यापूर्वी मुलांना आत जाता येत नाही. शिक्षक म्हणून मला हे फार मोलाचे वाटते, कारण वर्ग सुरू होण्याआधीची पाच मिनिटे आणि संपल्यानंतरची दहा मिनिटे हीच मुलांमधल्या चिडवाचिडवीची, एखाद्याला एकटे पाडण्याची आणि नको ते दाखवण्याची वेळ असते. शिक्षकाने नुसता कॉल सोडला तर मीटिंग मागे चालू राहते आणि मुले आतच राहतात. त्यामुळे बाहेर पडताना सर्वांसाठी कॉल संपवण्याचा जो पर्याय दिसतो तोच निवडायला हवा. पालकांनीही शिक्षकांना हे मोकळेपणाने विचारावे. हा प्रश्न कोणा शिक्षकाला आगाऊपणाचा वाटेल असे मला वाटत नाही.

मीटमधले होस्ट मॅनेजमेंट, म्हणजे कॉल चालवणाऱ्याच्या (होस्टच्या) हाती ताबा देणारी सेटिंग, चालू केले की मुलांनी स्क्रीन शेअर करणे आणि चॅटवर लिहिणे शिक्षकाला बंद ठेवता येते. कॉलमधला चॅट सर्वांनाच दिसतो, एका मुलाने दुसऱ्याला खासगीत कुजबुजण्याची सोय त्यात नाही, आणि शालेय वर्गापुरता हा मला गुणच वाटतो. मीटिंगचा कोड दहा अक्षरांचा असल्यामुळे तो अंदाजाने जुळवणे जवळपास अशक्य आहे. मोफत खात्यावर तीन किंवा अधिक माणसांच्या कॉलला 60 मिनिटांची मर्यादा आहे आणि एका वेळी 100 जण येऊ शकतात. शिकवणीच्या वर्गाला एवढे पुरते.

मीटची उणीव दिसते ती खासगी खात्यांवर. मीटमध्ये नाव गूगल खात्यावरचेच दिसते, ते कॉलपुरते बदलता येत नाही. ज्या शाळा किंवा शिकवणीवर्ग मुलांना स्वतंत्र खाती देत नाहीत, तिथे मूल आईच्या किंवा वडिलांच्या फोनवरून येते आणि शिक्षकाला पडद्यावर पालकांची नावे दिसतात. मीटिंगचा प्रवेश मर्यादित ठेवला असेल तर निमंत्रण नसलेल्याला आत येण्याची परवानगी मागावी लागते. पण चाळीस पालकांच्या नावांपैकी कोणते नाव कोणत्या विद्यार्थ्याच्या घरातले, हे शिकवणाऱ्याला पाठ नसेल तर तो येणाऱ्या प्रत्येकाला होकार देत सुटतो आणि त्या परवानगीला काही अर्थ उरत नाही. यावर साधा इलाज असा की शिकवणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरातल्या खात्याचे नाव हजेरीच्या वहीत मुलाच्या नावापुढे लिहून घ्यावे. भारतात स्वतःचे गूगल खाते चालवण्यासाठी वयाची 13 वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली, फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अॅपमधूनच उघडता येते. जन्मवर्ष खोटे घालून खाते उघडून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण त्यामुळे लहान मुलांसाठी कंपनीने लावलेली बंधने त्या खात्याला लागूच होत नाहीत, म्हणून मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे.

झूमविषयी पालकांच्या मनात अजूनही 2020 मधले चित्र आहे आणि ते निराधार नाही. 30 मार्च 2020 रोजी अमेरिकेच्या एफबीआयच्या बोस्टन कार्यालयाने शाळांना इशारा दिला होता. त्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका माध्यमिक शाळेच्या ऑनलाइन वर्गात अनोळखी व्यक्ती शिरल्याचे, तिने अपशब्द वापरल्याचे आणि शिक्षकाच्या घरचा पत्ता मोठ्याने सांगितल्याचे नमूद होते. आपल्याकडे 16 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम हे सुरक्षित माध्यम नसल्याचे सांगून ते वापरणाऱ्यांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. त्याच महिन्यात झूमने वेटिंग रूम आणि पासकोड हे दोन्ही आपोआप चालू राहतील अशी व्यवस्था केली, ऑक्टोबरमध्ये निवडीने वापरता येणारे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणले आणि नोव्हेंबरमध्ये गोंधळ झाल्यास सर्वांचे कॅमेरे, माइक, चॅट आणि स्क्रीन शेअर एका क्लिकमध्ये थांबवण्याची सोय दिली. आजचे झूम त्या मार्चमधल्या झूमपेक्षा पुष्कळ सुधारलेले आहे आणि जुन्या आठवणींवरून त्याला नाकारणे योग्य होणार नाही.

किंबहुना वर्गावर ताबा ठेवण्याची साधने मोजली तर झूम मीटच्या पुढे आहे. वेटिंग रूममध्ये आलेल्याला होस्टने आत घेतल्याशिवाय वर्गातले काहीही दिसत वा ऐकू येत नाही. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन इंटरकॉमवरून घरी विचारल्याशिवाय कोणाला वर सोडत नाही, तसेच हे आहे, आणि वॉचमनप्रमाणेच ही व्यवस्था तिथे बसलेल्या माणसाच्या दक्षतेइतकीच पक्की असते. सगळी मुले आली की मीटिंगला कुलूप लावता येते. एकदा बाहेर काढलेली व्यक्ती परत येऊ शकत नाही, ही मूळ व्यवस्था आहे. मुलांनी नावे बदलणे बंद करता येते, आणि चॅट फक्त होस्टशीच करता येईल अशी अटही घालता येते. ही शेवटची अट घातली नाही तर मुले एकमेकांना खासगी संदेश पाठवू शकतात आणि त्याचा शिक्षकाला पत्ताही लागत नाही. झूमवर वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने ही मांडणी पहिल्या दिवशीच तपासावी, असा माझा आग्रह आहे.

झूमचा सर्वात मोठा गुण आणि सर्वात मोठा धोका एकच आहे. खाते न काढता, मनाला येईल ते नाव लिहून त्यात प्रवेश करता येतो. लहान मुलाचे खाते काढावे लागत नाही, मुलाचे नाव पडद्यावर नीट दिसते आणि हजेरी सोपी होते. पण त्याच मार्गाने वर्गातल्याच एखाद्या मुलाचे नाव घालून दुसरेही कोणी येऊ शकते. आमच्या परिसरातल्या एका शिकवणीवर्गाची लिंक आणि पासकोड कोणीतरी उत्साहाने सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर टाकले आणि वर्गातल्याच एका मुलाच्या नावाने अनोळखी तरुण आत येऊन बसला. कॅमेरा बंद ठेवून तो बराच वेळ मुलांचे बोलणे ऐकत होता. खरा मुलगा वेटिंग रूममध्ये आला तेव्हा एकच नाव दोनदा दिसले आणि प्रकार उघडकीस आला. या घटनेत झूमचा दोष काढता येणार नाही. लिंक जपण्याची जबाबदारी कोणाची हे त्या वर्गात कधी ठरलेच नव्हते. तेव्हापासून मी शिकवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते: आत घेताना प्रत्येक मुलाने क्षणभर तरी कॅमेरा चालू करून चेहरा दाखवावा, आणि रोजच्या वर्गासाठी पर्सनल मीटिंग आयडी वापरू नये, कारण तो कायम तोच राहतो आणि एकदा बाहेर गेला की गेलाच.

मोफत झूमवरचा कॉल 40 मिनिटांनी संपतो याची तक्रार पालक आणि शिक्षक दोघेही करतात. मला मात्र शाळकरी मुलांच्या बाबतीत ही मर्यादा सोयीची वाटते. केंद्रीय शिक्षण खात्याच्या जुलै 2020 मधल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला प्रत्येकी 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे सुचवली होती. 40 मिनिटे त्या हिशेबात अचूक बसतात. वर्ग आपोआप संपतो, रेंगाळणारी मुले मागे उरत नाहीत, आणि पुन्हा यायचे असेल तर शिक्षकाला नव्याने प्रवेश द्यावा लागतो.

व्हॉट्सअॅपची गोष्ट निराळी आहे. ते ओळखीच्या माणसांनी एकमेकांशी बोलावे यासाठी बनलेले आहे आणि त्या कामात ते उत्तम आहे. त्यातले कॉल आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, ग्रुप कॉलमध्ये 32 जण सामावतात आणि पाटणला राहणाऱ्या माझ्या सासूबाईंना ते कोणी शिकवावे लागले नाही. नातवंडांचे आणि आजी-आबांचे बोलणे यावर निर्धास्तपणे होऊ द्यावे, असे मी म्हणेन. वापरासाठी किमान वय 13 आहे, म्हणून त्याहून लहान मुलांचे बोलणे पालकांच्या फोनवरून आणि पालकांच्या समोर व्हावे. वर्ग घेण्यासाठी मात्र मी व्हॉट्सअॅप सुचवत नाही. त्यातली ओळख म्हणजे मोबाइल क्रमांक, आणि वर्गाचा ग्रुप केला की प्रत्येक घराचा क्रमांक प्रत्येक घराकडे जातो. तो एकदा गेला की वर्ग संपल्यानंतरही मुलाला थेट फोन करण्याचा मार्ग खुला राहतो, आणि ज्याच्या हाती क्रमांक पडला तो कोणत्याही वेळी व्हिडिओ कॉल लावू शकतो.

नववी-दहावीतल्या मुलांच्या हाती स्वतःचा फोन आणि स्वतःचे व्हॉट्सअॅप असेल, तर त्यातल्या काही सेटिंग्ज पालकांनी मुलांसोबत बसून करून घ्याव्यात. जून 2023 पासून अनोळखी क्रमांकांचे कॉल गप्प करण्याची सोय आहे. ती चालू केली की असा कॉल वाजत नाही, फक्त यादीत दिसतो. आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल हे फक्त संपर्कातल्या व्यक्तींपुरते ठेवता येते. प्रोफाइलचा फोटोही तसाच मर्यादित ठेवता येतो, आणि मुलींच्या बाबतीत तर मी तो आग्रहाने तसा ठेवायला सांगते. ऑगस्ट 2023 पासून व्हॉट्सअॅपच्या कॉलमध्येही स्क्रीन शेअर करता येते. 'गेम कसा लावायचा ते दाखवतो, तुझी स्क्रीन शेअर कर' असे म्हणणाऱ्याला फोनवर येणारे ओटीपी आणि संदेशही दिसू शकतात, ही गोष्ट मुलांना प्रत्यक्ष करून दाखवावी. मी दोन फोन शेजारी ठेवून, कॉल चालू असताना एक संदेश पाठवून ती मुलीला दाखवली. तोंडी सांगून जे पटत नाही ते डोळ्यांनी पाहिल्यावर चटकन पटते.

या तिन्ही सेवांपेक्षा अवघड प्रश्न आहे तो मुलांनी आपापसात करायच्या कॉलचा, आणि शाळांच्या सूचनापत्रकांमध्ये त्याला जागा मिळत नाही. वर्गात शिक्षक असतो, आजीशी बोलताना आजी असते. मैत्रिणींच्या कॉलमध्ये मोठे माणूस नसते आणि नसावेही, कारण नववीतल्या मुलीला मैत्रिणींशी मोकळे बोलण्याची गरज असते आणि आईने शेजारी बसून ते ऐकणे हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून मी ऐकत नाही, पण कॉल कोणत्या मार्गाने व्हावा हे ठरवते. आठवडाभराच्या अभ्यासाच्या कॉलसाठी मी माझ्या गूगल खात्यावरून कॅलेंडरमध्ये मीटिंग तयार करते आणि ठरलेल्या मैत्रिणींच्या घरच्या खात्यांना निमंत्रण देते. होस्ट मी असल्यामुळे नवीन कोणी आत येण्याची परवानगी मागितली तर ती माझ्याकडे येते. सुरुवातीला मी हजर राहते, सगळ्या आल्या की माझा कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद करून लॅपटॉप पालथा घालावा तसा बाजूला ठेवते. मुलीला ही व्यवस्था मान्य आहे, कारण ती तिच्याशी बोलूनच ठरवली आहे आणि तिच्या मैत्रिणींच्या आयांनाही ती ठाऊक आहे. एखादी मुलगी 'माझा चुलतभाऊ पण येतोय' म्हणाली तर तो कोण, हे विचारण्याची संधी मला या पद्धतीत मिळते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुप कॉलमध्ये ती मिळत नाही.

कॉलमध्ये असलेल्या कोणालाही स्क्रीनशॉट घेता येतो, दुसऱ्या फोनने चित्रीकरणही करता येते, आणि हे पूर्णपणे रोखण्याचा मार्ग या तिन्ही सेवांपैकी कोणाकडेही नाही. मुलांना हे ठामपणे सांगावे लागते. जे दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर दाखवले गेले तर चालणार नाही, ते कॅमेऱ्यासमोर करू नये, मग समोर कितीही जवळची मैत्रीण असो. त्याचबरोबर दुसऱ्याचा स्क्रीनशॉट घेऊन त्याचे स्टिकर करणे हाही त्रास देण्याचाच प्रकार आहे हे त्यांना समजायला हवे. माझ्या अनुभवात मुले अनोळखी माणसाच्या धोक्याविषयी बरेच ऐकून असतात, पण वर्गमित्राच्या चेहऱ्याचे स्टिकर बनवण्यात काही चुकते असे त्यांना वाटतच नाही. शाळेत माझ्याकडे येणाऱ्या रडारडीत दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी कितीतरी जास्त असतात.

कॉल सोडण्याचा हक्कही शिकवावा लागतो. आपली मुले मोठ्यांसमोरून परवानगीशिवाय उठू नये अशा संस्कारात वाढतात, आणि तो संस्कार चांगला असला तरी व्हिडिओ कॉलवर कोणी नको ते बोलू किंवा दाखवू लागले तरी मूल शिष्टाचार म्हणून बसून राहते. लाल बटण दाबून कारण न सांगता बाहेर पडणे हे उद्धटपणाचे नाही आणि त्यासाठी घरात कोणी रागावणार नाही, हे मुलाला आधीच कळलेले असावे. आमच्याकडे मुलाने लॅपटॉप बंद करून 'आई, नेट गेलं' असे म्हटले तरी चालते. खरे कारण तो नंतर सांगतो.

घराच्या रचनेचाही विचार करावा लागतो, कारण ऐरोली किंवा कोपरखैरण्याच्या वन रूम किचनमध्ये 'मुलाची खोली' हा प्रकार नसतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत आजी झोपलेली असते, वाळत घातलेले कपडे असतात, देवघराशेजारी भिंतीवर कुटुंबाचे फोटो आणि वीजबिल अडकवलेले असते. भिंतीला पाठ लावून मूल बसवले तर मागे फक्त भिंत दिसते आणि पडदा खोलीकडे तोंड करून राहत नसला तरी आवाज सगळ्यांच्या कानावर असतो. मीट आणि झूम दोन्हींमध्ये मागचे दृश्य पुसट करता येते, पण हलताना कडेने खोली दिसते, त्यामुळे भिंतच बरी. गणवेशावर शाळेचे नाव, खिडकीतून दिसणारी इमारतीची पाटी आणि संध्याकाळच्या बसची वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की मुलाला गाठणे कोणालाही अवघड नाही. शिकवणीच्या कॉलला म्हणूनच गणवेश बदलून बसावे. हेडफोन पूर्ण वेळ लावू देऊ नयेत, निदान प्राथमिक शाळेतल्या मुलांना तरी. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आईला समोरच्याचा सूर ऐकू येणे हीच या वयातली सर्वात चांगली देखरेख आहे.

फॅमिली लिंकविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. ते मोफत आहे, कोणते अॅप फोनवर घ्यायचे याची परवानगी पालकांकडे येते, वापराची वेळ ठरवता येते आणि रात्री फोन कुलूपबंद होतो. ही कामे ते चोख करते. कॉलमध्ये काय घडते ते मात्र त्यातून दिसत नाही आणि तशी अपेक्षा ठेवून ते घेणाऱ्यांची निराशा होते. अँड्रॉइड 12 पासून कॅमेरा किंवा माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती ओळखायला मुलांना शिकवणे हे मला फॅमिली लिंकइतकेच उपयोगाचे वाटते.

शिकवणीवर्ग निवडताना फीबरोबर आणखी एक चौकशी करावी: वर्गाचे रेकॉर्डिंग होते का, ते कुठे ठेवले जाते, किती काळ, आणि ते जाहिरातीसाठी वापरले जाते का. अनेक वर्ग मुलांचे चेहरे असलेल्या चित्रफिती आपल्या पानावर टाकतात आणि पालकांना त्यात कौतुक वाटते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती घेणे आणि मुलांवर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे टाळणे हे या कायद्याचे बंधन आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याची पूर्ण अंमलबजावणी होण्याची वाट न पाहता प्रवेशाच्या अर्जावरच 'रेकॉर्डिंगला संमती नाही' असे लिहून देता येते. मी तसे लिहून देते आणि त्यामुळे अजून कोणी प्रवेश नाकारलेला नाही.

काही विपरीत घडलेच तर पहिली प्रतिक्रिया फोन काढून घेण्याची असते, आणि ती टाळावी. फोन जाईल या भीतीने मुले पुढच्या वेळी सांगत नाहीत, हे मी शाळेत वारंवार पाहिले आहे. वेळ, नाव, क्रमांक आणि लिंक लिहून ठेवावी, चॅट पुसू नये, ज्या वर्गात घडले त्या शिक्षकाला त्याच दिवशी कळवावे. अश्लील चित्र किंवा चित्रफीत समोर आली असेल तर ती 'पुरावा' म्हणून पालकांच्या ग्रुपवर कदापि पाठवू नये, कारण मुलांचे असे चित्रण पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि त्यात शिक्षक व शिकवणीचालकही आले. मुलांसाठीचा मदतक्रमांक 1098 आहे. 1930 हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी असून बालकांसंबंधीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही नोंदवता येते. पोर्टलवर तक्रार केली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जाणे मी सुचवेन, विशेषतः धमकी देणारा माणूस मुलाच्या ओळखीतला असण्याची शंका असेल तर.

कोणती सेवा घ्यावी या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. शाळा स्वतःची खाती देत असेल तर मीट घ्यावे. शिकवणीवर्ग लहान असेल आणि वेटिंग रूमकडे लक्ष देणारे शिक्षक असतील तर झूम, आणि शिक्षक एकटाच असून मोठा वर्ग सांभाळत असेल तर दारावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस को-होस्ट म्हणून मागावा, पालकांपैकी कोणीही ते काम आळीपाळीने करू शकते. आजी-आबा, मामा आणि मावशी यांच्यासाठी व्हॉट्सअॅप पुरेसे आहे. मैत्रिणींच्या कॉलसाठी पालकाच्या खात्यावरून तयार केलेली मीटिंग. गेमच्या आत चालणाऱ्या व्हॉइस आणि व्हिडिओ गप्पांना आमच्या घरात परवानगी नाही, कारण तिथे समोरचा कोण हे कोणत्याही मार्गाने ठरवता येत नाही.

तिन्ही कंपन्यांकडून एक अपेक्षा उरतेच. मुलाच्या खात्यावरून होणाऱ्या कॉलमध्ये कोण येऊ शकेल याची यादी पालकांनी एकदा ठरवावी आणि त्या यादीबाहेरचा कोणीही, लिंक हाती असली तरी, आत येऊ शकू नये, अशी सोय शिकवणीवर्गांना परवडेल अशा मोफत खात्यांवर मिळायला हवी. ती मिळेपर्यंत ही यादी आम्ही स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर कागदावर लिहून लावली आहे आणि मुलगा कॉल लावण्यापूर्वी त्यावरची नावे पाहतो.